शनिवारचा वर्ग सोडू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वस्तीतल्या शाळेत शनिवार-रविवार मुलांना व्हायोलिन शिकवायचं काम चालून आलंय आणि ते घेतलं तर ऑर्केस्ट्रात व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) वाजवण्यासाठीच्या ऑडिशनची तुझी तयारी मागे पडेल, या पेचात तू आहेस. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: काम घे. ऑडिशनही दे. यातलं एक मोठं आणि दुसरं दुय्यम, असं मला कधीच वाटलं नाही, आणि का वाटलं नाही ते फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसलो.

आपल्या मुंबईचंच बघ. १९३५ साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. वादक कोण होते? हौशी मंडळी, पोटासाठी हॉटेलांत वाजवणारे गोव्याचे वादक, फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधली माणसं. सगळ्यांना एकत्र आणून सिम्फनी वाजवून घ्यायची म्हणजे त्या माणसाच्या अंगात काय जिद्द असेल! पण १९४५ मध्ये ते स्वतः शिकायला न्यूयॉर्कला गेले, पुढे इंग्लंड आणि मग अमेरिकेतच राहिले. इथे मात्र कायमस्वरूपी व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा व्हायला २००६ साल उजाडावं लागलं. खुर्च्या, हॉल, पैसे, रसिक, सगळं थोडंफार होतं. पुढच्या पिढीला सेकंड व्हायोलिनच्या मागच्या रांगेत बसता येईल इतपत शिकवणारी माणसं पुरेशी नव्हती. आणि त्याच मेहलींनी लॉस एंजेलिसला जाऊन १९६४ साली काय काढलं? अमेरिकन यूथ सिम्फनी, तरुण वादकांचा ऑर्केस्ट्रा. तो त्यांनी ३३ वर्षं चालवला. लोकांना त्यांचं नाव प्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहतांचे वडील म्हणून माहीत असतं. मला ते या ३३ वर्षांसाठी मोठे वाटतात.

२००६ साली नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालीव यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला, तेव्हा त्यात भारतीय वादक मोजके होते. बऱ्याच खुर्च्यांवर कझाकस्तानातून आणि इतर देशांतून आलेले वादक बसत. ‘नावात इंडिया आणि वाजवणारे परदेशी’ असं बोलणारे तुलाही भेटले असतील. मी त्या बोलण्यात कधी सामील झालो नाही. व्हायोलिन सहा-सात वर्षांच्या वयात हातात यावं लागतं आणि मग दहा-बारा वर्षं रोज घासावं लागतं. म्हणजे २००६ साली ज्याने त्या खुर्चीत बसायचं, त्याचा पहिला धडा १९९०च्या आसपास व्हायला हवा होता. त्या वेळी किती मुलांना तो मिळाला? हे ओळखून त्यांनी २०१२ पासून लहान मुलांना रशियन पद्धतीने रोजच्या रोज शिकवायला सुरुवात केली. उद्या ऑडिशनला तुझ्या शेजारी जी मुलं उभी राहतील, त्यांतली काही त्या वर्गातली असतील.

आता याच्या उलट गोवा. तिथे चर्चला जोडलेल्या संगीतशाळांत गावचा मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना आधी स्वर वाचायला शिकवायचा, मग व्हायोलिन हातात द्यायचा. सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढायचा कुणाचाही बेत नव्हता. रविवारच्या प्रार्थनेत मुलांना गाता-वाजवता यावं एवढीच अपेक्षा. पण त्या खेड्यांतून निघालेल्या माणसांनी मुंबईतले जाझ बँड आणि सिनेमाची रेकॉर्डिंगं कित्येक दशकं पेलली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. त्यांनी १९५८ साली स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्याच्यासोबत गायला लावलं. तो ऑर्केस्ट्रा फार काळ चालला नाही. चालले ते त्यांचे विद्यार्थी. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, राहुलदेव बर्मनही त्यांच्याकडे जात. प्यारेलालजींचे वडील रामप्रसाद शर्मा यांनीही नोटेशन वाचता येणारे वादक असेच घडवले. शिकवणारा टिकला की वाजवणारे आपसूक गोळा होतात. याच्या उलटं झालेलं मला तरी आठवत नाही.

तेव्हा शनिवारच्या वर्गात तू ऑर्केस्ट्राचंच काम करणार आहेस, फक्त त्याचं फळ पंधरा वर्षांनी दिसणार आहे.

आता वर्गात काय करशील ते बोलू. डझनभर मुलं, डझनभर पाव आणि अर्ध्या मापाची व्हायोलिनं, आणि तास एकच. सुरात लावण्यातच पाव तास जातो. संस्थेला सांगून चारही तारांना फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे छोटे स्क्रू) बसवून घे, ते महाग नाहीत. आपल्या पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात आणि कोरड्या हवेत सटकतात. सटकणाऱ्या खुंटीला पाटीवरच्या खडूची पूड लाव, अडकणाऱ्या खुंटीला कोरडा साबण. हे कुठल्या पुस्तकात वाचशील तेव्हा वाच, पण जुलैत तुला लागणार आहे.

आणि पहिल्याच दिवसापासून त्यांना एकत्र वाजवायला लाव. ‘आधी सहा महिने गज धरायला शिका, मग बघू’ असं करू नकोस. नव्या मुलाला बोट न लावता वाजवायच्या मोकळ्या डी आणि ए तारा एवढंच दे, चार-चार मात्रांचे लांब स्वर. त्याच्यावर तिसऱ्या वर्षातली मुलगी सूर धरून गाण्याची चाल वाजवेल. त्या मुलाची डी मध्येच थांबली की चाल उघडी पडते, आणि हे त्याला त्याच क्षणी कळतं. तुला वेगळं समजवावं लागत नाही. मग त्याच्या नोटेशनमध्ये मध्येच चार मात्रांची विश्रांती घाल. न वाजवता मोजत बसणं हे नव्या मुलाला सगळ्यात अवघड जातं. पण आपल्या मुलांच्या कानात ठेका असतो, गणपतीत ढोल-ताशा ऐकूनच ती मोठी झालेली असतात. मोठ्याने मात्रा म्हणायला लाव, दुसऱ्या आठवड्यात मनातल्या मनात.

सगळ्यांनी मिळून वाजवत शिकायचं, ही वाट होसे अँतोनियो अब्रेऊ यांनी व्हेनेझुएलात १९७५ साली दाखवली. काराकासच्या एका गॅरेजात अकरा मुलं घेऊन त्यांनी सुरुवात केली होती. प्रसिद्ध कंडक्टर गुस्तावो दुदामेल त्याच व्यवस्थेतून आला. त्या व्यवस्थेवर पुढे कडक टीकाही झाली आहे. तीही वाच, म्हणजे मुलांकडून कार्यक्रमासाठी राबवून घेणं आणि शिकवणं यांतला फरक तुझ्या लक्षात राहील. आपल्याकडे पणजीत डॉ. लुईस डायस यांनी २००९ साली ‘चाइल्ड्स प्ले’ सुरू केलं, तेही त्याच प्रेरणेतून. गोव्याला जाशील तेव्हा त्यांच्या मुलांचं वाजवणं ऐकून ये.

तानपुरा लाव. पांढरी दोनचा. अ‍ॅप चालेल. त्याच्यावर डीचं स्केल संथ वाजवून घे आणि गांधारावर थांब. तानपुऱ्यावर जुळणारा गांधार पियानोच्या गांधारापेक्षा किंचित उतरता असतो, आणि तो लागला की मुलांचे चेहरे बदलतात. हे मी मुलांसाठी सांगतोय, पण त्यात तुझा स्वार्थही आहे. ऑर्केस्ट्रात व्हायोलाकडे बहुतेक वेळा येतो कोण? कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या, मधला स्वर, म्हणजे बरेचदा हाच गांधार. व्हायोलिनं वर चमकतात, चेलो खाली पाया धरतो, आणि मध्ये तू किंचित चढी राहिलीस तर सगळ्या वाद्यांची बैठक बिघडते. दर शनिवारी मुलांना तो गांधार लावून देता देता तुझा कान जेवढा तयार होईल, तेवढा घरी एकटीने ट्यूनरच्या दिव्याकडे बघून होणार नाही.

ऑडिशनचंही तेच. बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीचा दुसरा भाग व्हायोला आणि चेलो मिळून सुरू करतात आणि ऑडिशनला तो हमखास विचारला जातो. स्वर काही कठीण नाहीत. फसतात सगळे ते टिंबवाल्या लयीत, म्हणजे लांब स्वराला जोडून एक छोटा स्वर येतो तिथे: छोटा स्वर लवकर येतो आणि चाल लंगडते. ती लय मुलांकडून टाळ्यांवर म्हणून घे. दहा वर्षांच्या पोराला ती पटेल अशी समजावता आली, की परीक्षकांसमोर तुझा हात घाईला येणार नाही.

सप्टेंबरच्या मोसमात कुठली मैफल ऐकू, असं तू विचारलंस. नावाजलेला सोलो वादक कुठे आहे ते बघून तिकीट काढू नकोस. व्हायोलाला काय काम आहे ते बघ. मोझार्टची १७७९ची सिंफोनिया कोंचेर्तांते कधी कार्यक्रमात दिसली तर काहीही करून जा. तिच्यात व्हायोलिनच्या बरोबरीने व्हायोला सोलो आहे, आणि मोझार्टने व्हायोलाच्या तारा अर्धा स्वर चढवून लावायला सांगून तिचा भाग डी मेजरमध्ये लिहिला, ऑर्केस्ट्रा ई फ्लॅटमध्ये असताना. त्यामुळे मोकळ्या तारा घुमतात आणि व्हायोलाचा आवाज व्हायोलिनपुढे दबत नाही. तसंच आपल्या मातीतलं काही असेल तर तेही सोडू नकोस. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियानेच झाकीरभाईंना तबल्यासाठी कोंचेर्तो, म्हणजे सोलो वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना, लिहायला सांगितला. २०१५ साली मुंबईत तो पहिल्यांदा झाला आणि २०१९ मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावरही गेला. अशा रचनेत तबल्याशी मात्रा धरून बसणारे तंतुवादक कसे मोजतात, ते त्यांच्या हातांकडे बघून शिकण्यासारखं आहे. वरची, स्वस्तातली जागा घे. तिथून मागच्या रांगांचे गज दिसतात, आणि तुला बघायचंय ते तेच.

शक्य झालं तर वर्गातल्या मुलांनाही एकदा ने. नरिमन पॉइंटचं ते टोक कल्याण-डोंबिवलीच्या घरांना परदेशाइतकं लांब वाटतं, म्हणून पालकांना आधी भेट, परतीच्या लोकलची वेळ सांग, सोबत कोण मोठं माणूस असेल ते सांग. पूर्ण मैफल झेपणार नाही, मध्यंतरापर्यंतच थांबा. मुलं दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवतील, तिथे तसा रिवाज नसला तरी. वाजवू दे. १७७८ साली पॅरिसमध्ये मोझार्टच्या सिम्फनीचा पहिला भाग चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याने ते वडिलांना आनंदाने कळवलं. मागे वळून बघणाऱ्या काका-काकूंना तू नम्रपणे नमस्कार कर आणि मुलांना गप्प करू नकोस.

आता थोडं व्यवहाराचं. फुकट शिकवू नकोस. मानधन कमी असेल तर कमी घे, पण ठरवून, लेखी घे. फुकट शिकवणारा शिक्षक सहा महिन्यांत थकतो आणि निघून जातो, आणि मुलांच्या वाट्याला वर्षभरात तिसरा नवा चेहरा येतो. निदान दोन वर्षं राहीन असं स्वतःशी ठरवल्याशिवाय पहिला शनिवार सुरू करू नकोस. देणगीदार येणार म्हणून तीन महिन्यांच्या मुलांना सजवून स्टेजवर उभं करायला सांगतील, तेव्हा स्पष्ट नाही म्हण. पाहुण्यांनी वर्गात येऊन मागच्या बाकावर बसावं आणि चालू तास बघावा.

आणि दहावी. नववीच्या मे महिन्यात चांगली तयार झालेली मुलगी एक दिवस येते आणि सांगते, ‘आई म्हणते आता क्लास बंद.’ याला तोड एकच सापडली आहे: आठवीतच पालकांना बोलावून सांगायचं की दहावीच्या वर्षी परीक्षा नाही, नवी गाणी नाहीत, फक्त रविवारी अर्धा तास सगळ्यांबरोबर बसून वाजवायचं. बहुतेक आया याला हो म्हणतात. हात सुटत नाही, आणि अकरावीला ती परत येते. ग्रेडच्या परीक्षांच्या मागेही फार लागू नकोस. वर्षभर तीनच तुकडे घोटून गुण मिळवलेली मुलं समोर नवा कागद आला की अडतात. दर तासाला दोन ओळी न पाहिलेलं वाचायला दे, चुकत का होईना शेवटपर्यंत न थांबता.

पहिल्या महिन्याच्या धड्यांची यादी करून घेऊन ये, मोकळ्या तारांचे भाग आपण मिळून लिहू. व्हायोलाही आण. तुझ्या सी तारेचा आवाज गेल्या वेळी बसका वाटला, तार बदलायला झाली असावी. आणि बेथोव्हेनचं ते पान पाठ करून नको, वाचून दाखव.

तुझा,
सर