चाळीस अधिक पस्तीस म्हणजे ४०३५?

तुम्ही पाठवलेला पायथनमधला प्रोग्राम दोनदा वाचला. किराण्याच्या किमती विचारायच्या, बेरीज करायची, मग चढत्या क्रमाने लावून दाखवायच्या, एवढंच काम. पण ४० आणि ३५ दिल्यावर बेरीज ४०३५ येते, आणि क्रम लावल्यावर यादीच्या जागी 'नन', म्हणजे पायथनच्या भाषेत 'काहीच नाही', छापलं जातं. दोन्ही चुका मीही केल्यात. दुसरी तर नोकरीला लागल्यावरसुद्धा.

इनपुट हे फंक्शन काहीही टाइप केलं तरी स्ट्रिंगच, म्हणजे नुसता मजकूर, परत देतं, आणि दोन स्ट्रिंगमध्ये अधिकचं चिन्ह घातलं की पायथन त्या एकमेकींना चिकटवतो. जुने व्हिडिओ बघून शिकणारे इथे हमखास फसतात, कारण पायथन २ मध्ये इनपुटला दिलेला आकडा आकडाच राहायचा. त्या आवृत्तीचा सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला, व्हिडिओ मात्र अजून फिरताहेत.

उपाय एका शब्दाचा आहे: इनपुटभोवती इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) लावा. पण तुम्ही तीन वेळा प्रिंट करून बघितलंत, तरी चूक दिसली नाही. दिसणार कशी? प्रिंट अवतरणचिन्हं काढून टाकतो, त्यामुळे स्ट्रिंगमधले ४० आणि खरे ४० पडद्यावर जुळ्या भावांसारखे दिसतात. शंका आली की नुसतं प्रिंट करू नका, आत रेप्र (मजकूर अवतरणचिन्हांसकट दाखवणारं फंक्शन) लावा. अवतरणचिन्हं दिसली की चोर सापडला. फाइलमधून वाचलेल्या ओळीच्या शेपटाला चिकटलेला बॅकस्लॅश-एन, म्हणजे नव्या ओळीची खूण, हासुद्धा असाच पकडता येतो. पायथन ३.८ पासून आणखी सोपं झालंय: एफ-स्ट्रिंगच्या (अवतरणचिन्हाआधी एफ लावलेल्या स्ट्रिंगच्या) महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह टाका, नाव आणि रेप्र दोन्ही छापून मिळतात.

इंट लावल्यावर कुणी ४०.५० टाकलं की व्हॅल्यूएरर, म्हणजे किंमत चालत नाही अशी तक्रार, येईल. तिथे फ्लोट (दशांश आकड्यांचा प्रकार) वापरायचा मोह होतो, पण ०.१ अधिक ०.२ चं उत्तर फ्लोट ०.३०००००००००००००००४ असं देतो. रुपयांचा हिशेब पैशांत ठेवा, म्हणजे ४०.५० रुपयांसाठी ४०५० असा पूर्णांक, नाहीतर दशांश अचूक ठेवणारा डेसिमल वापरा. (गंमत म्हणून: मराठी कीबोर्डवरून टाइप केलेलं ४० इंट बिनतक्रार घेतं. तेच आकडे थेट कोडमध्ये लिहिलेत तर मात्र सिंटॅक्सएरर, म्हणजे लिहिण्यातली चूक.)

आता 'नन'. तुम्ही यादी = यादी.सॉर्ट() असं लिहिलंय. सॉर्ट ही मेथड (यादीला जोडलेलं फंक्शन) यादी जागच्या जागी लावते आणि परत काहीच देत नाही. ते 'काहीच नाही' तुम्ही यादीच्याच नावावर ठेवलंत आणि लावलेली यादी हातची गेली. डावीकडचं 'यादी =' खोडा, काम झालं. मूळ क्रमही हवा असेल तर सॉर्टेड हे फंक्शन वापरा, ते नवी यादी देतं.

पुढे 'जुनी = यादी' असं लिहून प्रत ठेवायचा प्रयत्न दिसतो. ती प्रत नाही. हजेरीपटावरचं नाव आणि घरातलं हाकेचं नाव, मूल एकच. यादी सॉर्ट केलीत की जुनीही चढत्या क्रमाने लागलेलीच दिसणार. खरी प्रत हवी तर यादी.कॉपी() म्हणा.

शेवटच्या दोन ओळी बहुतेक तुम्ही वर्डमधून उचलल्यात, कारण तिथली अवतरणचिन्हं वळणदार झालीत. पायथनला ती चालत नाहीत, 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' म्हणून अडतो. पुसून एडिटरमध्ये हातानेच टाका.

आणि फाइलचं नाव रँडम.पीवाय आहे ते आजच बदला. या प्रोग्रामला त्याचा त्रास नाही, पण त्याच फोल्डरमधल्या दुसऱ्या प्रोग्रामने रँडम इम्पोर्ट केलं, म्हणजे वापरायला मागवलं, की पायथनचं त्याच नावाचं तयार मॉड्यूल सोडून तुमचीच फाइल उचलली जाईल. या एका नावापायी माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. पायथन ३.१३ निदान एररमध्येच नाव बदलायला सुचवतो. तेव्हा तीही सोय नव्हती.