‘लागणे’ला इंग्रजीत काय म्हणतात?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरे : इंग्रजी शब्दसंग्रह

प्रश्न : बाई, मी बार्शीत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. दोन महिने रोज २० इंग्रजी शब्द अर्थासहित पाठ करते आहे. वहीत १२०० शब्द झाले. पण उताऱ्यात शब्द दिसला की फक्त ओळखीचा वाटतो, अर्थ आठवत नाही. बोलायला उभी राहिले की त्यातला एकही तोंडात येत नाही. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?

उत्तर : तुझ्या स्मरणशक्तीला काहीही झालेलं नाही. पत्रासोबत पाठवलेलं वहीचं पान मी नीट पाहिलं. डावीकडे इंग्रजी शब्द, मधे रेघ, उजवीकडे एक मराठी शब्द. ‘अबॅन्डन : सोडणे’, ‘अबेट : कमी होणे’. ते पान बघताना मला माझीच वही आठवली. १९८१ साली मी जतहून सांगलीला अकरावीला आले, तेव्हा अशीच वही केली होती आणि दिवाळीपर्यंत ‘डी’ अक्षर संपवलं होतं. एकदा सुट्टीहून परत आल्यावर वर्गात इंग्रजीच्या मॅडमनी विचारलं, ‘हाऊ लाँग डिड इट टेक?’ पाचही शब्द लहान, सगळे माझ्या माहितीचे. हाऊ म्हणजे कसं, लाँग म्हणजे लांब, टेक म्हणजे घेणे. जुळवून काही अर्थ लागेना. मी गप्प उभी राहिले आणि मॅडम पुढच्या मुलीकडे वळल्या. रात्री वसतिगृहात मैत्रिणीनं सांगितलं, ‘अगं, यायला किती वेळ लागला, एवढंच विचारत होत्या.’ बसनं तीन तास लागले होते. उत्तर माझ्याकडे होतं, आणि ‘टेक’ तर पाचवीपासून पाठ होता. पण तो ‘लागणे’सुद्धा असतो, हे माझ्या वहीच्या उजव्या रकान्यात कुठेच नव्हतं.

त्या रात्रीपासून मी शब्दाचा एकटा अर्थ लिहिणं थांबवलं. पुढे ३४ वर्षं शिकवताना दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर ‘लागणे’ लिहायचे आणि मुलांना विचारायचे, याला इंग्रजीत काय म्हणतात? तूही करून बघ. भूक लागली : आय ॲम हंग्री. आग लागली : अ फायर ब्रोक आउट. नोकरी लागली : शी गॉट अ जॉब. निकाल लागला : द रिझल्ट्स आर आउट. डोळा लागला : आय डोझ्ड ऑफ. पायाला दगड लागला : अ स्टोन हिट माय फूट. मला गाडी लागते : आय गेट कारसिक. ‘लागणे’ला इंग्रजीत एक शब्द नाही. भुकेबरोबरच्या ‘लागणे’ला वेगळं उत्तर आहे, आगीबरोबरच्या ‘लागणे’ला वेगळं. शब्द कोणाच्या सोबत उभा आहे, त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

उलट दिशेनंही तेच. तुझा ‘अबॅन्डन : सोडणे’ घे. वडिलांनी मला स्टँडवर सोडलं, तिथे ‘ड्रॉप्ड’ येतो. धरणातून पाणी सोडलं, तिथे ‘रिलीज्ड’. तंबाखू सोडली, तिथे ‘गेव्ह अप’. नोकरी सोडली, तिथे ‘क्विट’ किंवा ‘लेफ्ट’. ‘अबॅन्डन’ येतो तो पाठ फिरवून, वाऱ्यावर सोडून जाण्यासाठी. बाळ, बंद पडलेली गाडी, अर्ध्यावरचं काम, दुष्काळात ओस पडलेली घरं. ‘माय फादर अबॅन्डन्ड मी ॲट द बस स्टँड’ असं लिहिलंस तर वाचणाऱ्याच्या काळजात धस्स होईल.

आणि ‘अबेट’साठी तर आपल्याकडे नेमका शब्द पडून आहे. ‘कमी होणे’ कशाला? ‘ओसरणे’ म्हण. ओसरतं काय? पाऊस, पूर, वादळ, साथ, राग. इंग्रजीत ‘अबेट’ही जवळजवळ यांच्याच सोबतीनं येतो. ताप आणि भाव आपल्याकडे ‘उतरतात’, वजन ‘घटतं’. तिथे इंग्रजीतही बहुधा दुसरी क्रियापदं येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेला पूर आला तेव्हा मी वहीत लिहिलं होतं : ‘द रेन अबेटेड, बट द रिव्हर स्टेड हाय.’ पाऊस ओसरला, तरी नदी चढलेलीच होती. दाराच्या दुसऱ्या पायरीला पाणी टेकलेलं असताना लिहिलेलं ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

म्हणून २० शब्द थांबव, रोज पाचच घे. प्रत्येक शब्दाखाली एक वाक्य कोशातलं आणि एक तुझ्या आयुष्यातलं लिही. दुसऱ्या वाक्यात तुझ्या ओळखीचं माणूस, जागा किंवा घडलेला प्रसंग हवाच. मग वाक्यातल्या त्या शब्दावर बोट ठेवून वाक्य वाचायचं आणि गाळलेला शब्द आठवायचा. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं पुन्हा. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्यानं विसरतं, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवस विभागून केलेली उजळणी जास्त टिकते, हे त्यात दिसलं. तुझे १२०० शब्द एकेकदाच भेटून गेले आहेत. त्यातले ३०० निवड आणि त्यांनाच पुन्हा भेट. समानार्थी शब्दांचे प्रश्नही यातूनच सुटतील, त्यासाठी वेगळी यादी नको.

प्रश्न : माझा मुलगा येवल्याला मराठी माध्यमात सहावीत आहे. मी नववीपर्यंत शिकले, इंग्रजी जेमतेम वाचता येतं. शिकवणी परवडत नाही. मी त्याचे शब्द कसे घेऊ?

उत्तर : ताई, राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे तुमच्या मुलाच्या कानावर सहा वर्षं शब्द पडताहेत. ते वापरायला घरात जागा मात्र मिळालेली नाही, आणि ती जागा तुमच्या स्वयंपाकघरात आहे. त्याला एकेक काम द्या आणि त्याचं इंग्रजी क्रियापद शोधून आणायला सांगा. मटकी भिजवणे : सोक. लसूण सोलणे : पील. पीठ चाळणे : सिफ्ट. वाटण वाटणे : ग्राइंड. कोथिंबीर भुरभुरणे : स्प्रिंकल. कणीक मळणे : नीड. त्याचं स्पेलिंग ‘के’पासून सुरू होतं, पण तो ‘के’ उच्चारत नाहीत. हे त्यानं तुम्हाला समजावून सांगायचं. तुम्हाला येत नाही, ही इथे अडचण नाही. आईला शिकवायचं म्हटल्यावर मूल शब्द नीट बघून येतं. रात्री जेवताना एवढंच विचारा, ‘आज तू काय काय केलंस, इंग्रजीत सांग.’ ‘आय पील्ड द गार्लिक’ एवढं वाक्य आलं तरी त्या दिवसाचं काम झालं.

प्रश्न : मी निवृत्त एसटी कंडक्टर, वय ६२, चिपळूण. इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला घेतलं आहे. कोश इंग्रजी-मराठी वापरू की इंग्रजी-इंग्रजी?

उत्तर : दोन्ही वापरा, पण क्रम पाळा. आधी वाक्यावरून अंदाज, मग शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश, शेवटी खात्रीसाठी मराठी. मोठा पंडिती कोश घेऊ नका. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबी यांनी तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून एक कोश केला. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं काढला. शब्द वाक्यात कसा बसवायचा हे परक्या माणसाला दाखवणारे कोश त्या वाटेनं आले. १९७८ च्या लाँगमनच्या कोशात तर सगळे अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांत सांगितले आहेत. असाच कोश घ्या, जुनी आवृत्ती मिळाली तरी चालेल. आणि वर्तमानपत्रात बातमी आधी वाचा, मथळा नंतर. जागा वाचवायला मथळ्यात ‘प्रोब’ म्हणजे चौकशी, ‘नॅब’ म्हणजे पकडणे असे आखूड शब्द येतात, ते बातमीतून आपोआप उलगडतात.

प्रश्न : मी तासगावचा द्राक्ष बागायतदार. निर्यातीसाठी माल देतो. बोलणं मराठीत होतं, पण व्यापाऱ्याला मेल इंग्रजीत करावा लागतो. शब्द कमी पडतात. सोबत माझा मेल जोडला आहे.

उत्तर : दादा, तुमच्याकडे शब्द कमी नाहीत. थिनिंग (घडातले मणी विरळ करणे), डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), रेसिड्यू (फळावर उरलेला फवारणीच्या औषधाचा अंश) हे तुम्ही रोज बोलता, माझ्या कित्येक पदवीधर विद्यार्थ्यांना ते माहीत नाहीत. तुम्हाला हवी आहेत ती व्यवहाराची क्रियापदं. तुम्ही मेलमध्ये लिहिलं आहे, ‘यू लिफ्टेड माय गुड्स अँड कट माय मनी.’ आपण ‘माल उचलला, पैसे कापले’ म्हणतो, त्याचं हे शब्दशः रूप. पण बोली इंग्रजीत ‘लिफ्ट’चा एक अर्थ चोरणे असाही आहे. तुम्हाला तो आरोप करायचा नव्हता. माल उचलला : कलेक्टेड. पैसे कापले : डिडक्टेड. पैसे अडकले : द पेमेंट इज हेल्ड अप. बिल थकलं : द बिल इज ओव्हरड्यू. भाव ठरला : वुई अग्रीड ऑन अ प्राइस. पावसानं मणी तडकले : द बेरीज क्रॅक्ड आफ्टर द रेन. ‘भाव पडले’ मात्र बिनधास्त जसंच्या तसं लिहा : प्राइसेस फेल.

ही सात वाक्यं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पॅकहाउसच्या भिंतीवर लावा. आणि आता हा मेल पाठवा : ‘यू कलेक्टेड द लॉट, बट यू डिडक्टेड मनी फ्रॉम माय बिल. प्लीज टेल मी द रीझन. इफ द रेसिड्यू वॉज अबव्ह द लिमिट, प्लीज सेंड मी द लॅब रिपोर्ट.’ उत्तर आलं की मला कळवा. त्यातला जो शब्द अडेल, तो पुढच्या अंकात घेऊ.