हजार यार्डांवर गोळी उजवीकडे का जाते?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. बिस्लीच्या स्टिकलडाउन रेंजवर १,००० यार्डांची नेमबाजी करू लागलो आहे. माझी पॉइंट ३०८ रायफल १०० यार्डांवर बरोबर मध्यावर मारते, पण १,००० वर वारा पडलेला असतानाही गोळ्या दीड फूट उजवीकडे जातात. दुर्बीण दुकानात लेव्हल लावून बसवून घेतली होती. नवी घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका, आहे तीच नीट बसवू या. दीड फुटातला निम्मा भाग तर दुर्बिणीचा नाहीच. बहुतेक नळ्यांप्रमाणे तुमच्या नळीतल्या खाचांचा पीळही उजवा असेल, तर फिरकीमुळे गोळी १,००० यार्डांपर्यंत आठ-दहा इंच उजवीकडे सरकते. उरलेले इंच मला क्रॉसहेअर, म्हणजे दुर्बिणीतल्या नेमाच्या रेघा, कलल्याचे वाटतात.

१,००० साठी तुम्ही वरचा टरेट (नेम वर-खाली करायची चकती) साधारण ३२ एमओए चढवत असणार. एमओए म्हणजे कोनाचं मिनिट, १०० यार्डांवर जेमतेम इंचभर. उभी रेघ दीड अंश उजवीकडे कललेली असेल, तर त्या चढणीतले जवळपास नऊ इंच आडवे जातात. १०० वर टरेट फिरवलेलाच नसतो, म्हणून तिथे काहीच कळत नाही.

दुकानात बहुधा एक लेव्हल रेलवर (रायफलवरच्या दुर्बीण बसवायच्या पट्टीवर) आणि दुसरी टरेटच्या टोपणावर ठेवली असेल. ही पद्धत मला अजिबात पटत नाही. टोपण आतल्या रेघेशी काटकोनात असेलच असं नाही. शिवाय रेघ रायफलशी तंतोतंत जुळण्यापेक्षा, गोळी सुटताना ती ओळंब्यात असणं कितीतरी महत्त्वाचं. दुर्बिणीखाली रायफल अंशभर कलली तरी १,००० यार्डांवर इंचाचाही फरक पडत नाही.

तेव्हा गवंड्याचा ओळंबाच घ्या. रेंज बंद असताना, अधिकाऱ्यांना विचारून, तो १०० यार्डांवर टांगा. वजन पाण्याच्या बादलीत बुडवलं की दोरी झुलत नाही. बोल्ट काढलेली रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, दुर्बीण धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू सैल करा आणि दुर्बीण फिरवून रेघ दोरीवर आणा. स्क्रू आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा. एक बाजू आधी आवळली की दुर्बीण हमखास फिरते. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, रिंगवाल्याने सांगितलाय तेवढाच. रेघ दोरीवर असतानाच बुडबुडा मध्ये आणून एक लेव्हल दुर्बिणीच्या नळीवर पक्की करा. यापुढे तीच पाहायची, रेलवरची काढून टाका.

मग पडताळणी. उंच कागदावर ओळंब्याने उभी रेघ आखा, तळाशी ठिपका काढा. १०० यार्डांवरून ठिपक्यावर नेम धरून पाच गोळ्या. टरेट ३० एमओए चढवून, नेम त्याच ठिपक्यावर ठेवून आणखी पाच. दुसरा गट ३१.४ इंच वर आणि रेघेवरच पडायला हवा. बाजूला पडला तर दुर्बीण अजून कललेली आहे. रेघेवर पडून उंची चुकली तर टरेटचे क्लिक (फिरवण्याचे टप्पे) पुरेसे खरे नाहीत. तो फरक वहीत लिहा आणि दर वेळी हिशेबात धरा.

फिरकीसाठी १,००० वर पाव एमओएचे तीन-चार क्लिक डावीकडे द्या.