हार्डवेअर लवचीक ठेवलं तर पॅकेट प्रोसेसिंगचा स्पीड जातो का?

तुम्ही विचारलंय की १० गिगाबिटसाठी एफपीजीएवर (आतलं सर्किट पुन्हा बदलता येणारी चिप) पार्सर, म्हणजे पॅकेटमधली माहिती वेगळी काढणारा भाग, लिहिताना हेडरच्या (पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीच्या) जागा आरटीएलमध्ये (हार्डवेअरच्या कोडमध्ये) थेट लिहाव्यात की चालू असताना बदलता येणाऱ्या टेबलमध्ये ठेवाव्यात, आणि पी४ ही पॅकेट प्रोसेसिंगची भाषा शिकावी का.

टेबलमध्ये ठेवा. यावरून पुण्यातल्या एका कंपनीत मी सिनियरशी दोन महिने भांडलो आणि हरलो, म्हणून सविस्तर लिहितो.

त्यांचं म्हणणं, "कस्टमरकडे साधं आयपीव्ही४ आहे, टेबलचे लाड कशाला? टायमिंग बसणार नाही, क्लॉकच्या वेळेत काम उरकणार नाही." मग डेस्टिनेशन आयपी म्हणजे ऑफसेट ३० (फ्रेमच्या सुरुवातीपासून ३० बाइट पुढे), असं सरळ कोडमध्ये गेलं. इथरटाइपसुद्धा (पुढे कोणता हेडर आहे ते सांगणारा आकडा) तपासला नाही. लॅबमध्ये सगळं पास.

साइटवर लॉगमध्ये भलतेच पत्ते यायला लागले. बरेचसे ६४.६ ने सुरू होणारे, काही ६३.६, काही ६४.१७, पुढचे दोन आकडे कसेही. कस्टमरला वाटलं, हल्ला झालाय. रात्री दोनला मी वहीत एक फ्रेम बाइट-बाइट मांडली. प्रोव्हायडरने मध्ये दोन व्हीलॅन टॅग (नेटवर्कचे आभासी भाग ओळखायच्या चार-चार बाइटच्या खुणा) घातले होते. त्यामुळे सगळं आठ बाइट पुढे सरकलं, आणि आम्ही पत्ता म्हणून वाचत होतो तो टीटीएल (पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) ६४, प्रोटोकॉल ६ म्हणजे टीसीपी (१७ म्हणजे यूडीपी) आणि त्यामागचा चेकसम (चूक पकडायचा आकडा)!

टेबल असतं तर दोन नोंदी पुरल्या असत्या: ८८ए८ किंवा ८१०० (व्हीलॅन टॅगचे इथरटाइप) दिसला की चार बाइट सरक आणि पुन्हा बघ. आम्हाला नवीन बिल्ड, टायमिंग, टेस्टिंग करून प्रत्येक बॉक्स फ्लॅश करायला तीन आठवडे लागले.

आता स्पीड. १० गिगाबिटवर ६४ बाइटच्या फ्रेम दर ६७.२ नॅनोसेकंदांनी येतात, सेकंदाला सुमारे १.४८८ कोटी. १५६.२५ मेगाहर्ट्झवर एक क्लॉक ६.४ नॅनोसेकंदांचा. पाइपलाइनमध्ये (एकामागून एक टप्पे, प्रत्येकावर त्याच वेळी वेगळं काम) पाच टप्पे वाढवले, तर पॅकेट ३२ नॅनोसेकंद उशिरा निघतं. सेकंदाला निघणारी पॅकेट तेवढीच राहतात. आमचे सिनियर शेवटपर्यंत उशीर आणि दर एकच धरून बोलत होते. २०१३ च्या आरएमटी (टेबलं बदलता येणाऱ्या स्विच चिपची रचना) पेपरात तर प्रत्येकी १० गिगाबिटच्या ६४ पोर्टची चिप मांडून, जवळपास जादा खर्च न करता हे जमतं असं दाखवलंय. मी त्याची प्रिंट त्यांच्या टेबलावर ठेवली होती.

हां, एफपीजीएवर टीसीएएम (सगळ्या नोंदींशी एकदम जुळवून बघणारी मेमरी) महाग पडतं, नोंदी मोजून ठेवा. शेअर ट्रेडिंगसाठी करत असाल तर ३२ नॅनोसेकंदही जड जातील, तिथे थेट लिहा, पण इथरटाइप तपासा. पी४ शिका, पार्सरचा विचार त्यात नीट बसतो. फक्त एका चिपवर विसंबू नका. इंटेलने टोफिनो या पी४ वर चालणाऱ्या स्विच चिपच्या पुढच्या पिढ्यांचं काम २०२३ मध्ये थांबवलं.