सरकार लोकांच्या विचारांवर ताबा कसा मिळवतं? आणि त्या वेळी लोकांना ते कळतं का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो. बहुतेकांना कळत नाही. मलाही कळलं नव्हतं, आणि मी तर छापखान्यातच कामाला होतो.

1975 साली मी 19 वर्षांचा होतो. पुण्यातल्या एका लहान छापखान्यात छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचो. तिथे एक साप्ताहिक छापलं जायचं. 25 जूनच्या रात्री आणीबाणी जाहीर झाली, दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांची वीज गेली, आणि मग सेन्सॉरशिप आली. प्रूफं आधी सेन्सॉर अधिकाऱ्याला दाखवायची, शिक्का मिळाला की छपाई. सायकलवरून ती नेण्याचं काम माझ्याकडे आलं. संपादकीयाची जागा निषेध म्हणून कोरी सोडायलाही लवकरच मनाई झाली. कोरी जागा दिसली तर वाचकाला संशय येतो ना!

पहिले काही आठवडे प्रूफं काटछाट होऊन यायची. दिवाळीच्या सुमारास ती स्वच्छ परत येऊ लागली. मला वाटलं, साहेब मवाळ झाले. मग एका संध्याकाळी रेशनच्या दुकानातल्या रॉकेलच्या रांगेबद्दलचं एका वाचकाचं पत्र मी जुळवून ठेवलं होतं, ते संपादकांनी पाहिलं. "हे राहू दे रे, उगाच कशाला," म्हणाले. त्या पत्रावर कुणीही बंदी घातली नव्हती. जुळवलेल्या खिळ्यांभोवती बांधलेला दोरा मी सोडला आणि एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकला. माझ्या मते खरा ताबा तो हाच. सेन्सॉरला करायला काही कामच उरलं नव्हतं. संपादकांना मी दोष देत नाही. त्यांच्या मागे घर होतं आणि छापखान्यातली आम्ही सात माणसं होतो.

बाकीची यंत्रणा ही भीती टिकवायला होती. वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याची राखण करणारी प्रेस कौन्सिल बरखास्त झाली. संसदेतलं कामकाज छापायला संरक्षण देणारा 1956 चा कायदा रद्द झाला. चार वृत्तसंस्था मिळून 1976 मध्ये 'समाचार' ही एकच झाली, म्हणजे देशभर बातमी एकाच नळाने येणार. सरकारी जाहिरातींसाठी वर्तमानपत्रांची मित्र, तटस्थ आणि विरोधी अशी वर्गवारी केली होती, हे पुढे 1977 च्या सरकारी श्वेतपत्रिकेत उघड झालं. किशोरकुमार सरकारी प्रचाराला तयार झाले नाहीत, तर आकाशवाणीवर त्यांची गाणी बंद. गाणी लागत नाहीत याचं कारण आम्हा ऐकणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही.

या काळातही बोलणारे बोलले, हे सांगितलंच पाहिजे. कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्यासाठी उभ्या राहिल्या, तेही केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना. पुढे त्यांना अटक झाली. मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1976 मध्ये सेन्सॉरला चपराक दिली: सगळ्यांना एकाच सुरात बोलायला लावणं हे त्याचं काम नाही. आमच्याकडे तो निकाल तोंडोतोंडी आला.

मग हा ताबा ओळखायचा कसा? खोटी बातमी निदान समोर असते, ती तपासता येते. न आलेली बातमी शोधणार कुठे? नसबंदीचे आकडे छापून यायचे, उद्दिष्ट पूर्ण झाल्याचं कौतुकही यायचं. 1976-77 या एका वर्षात 80 लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. पण टेबलावर झोपवलेला माणूस कधी छापून येत नव्हता. म्हणून मी आजही अंक हातात घेतला की तक्रारीची पत्रं आहेत का, ते आधी बघतो.

जानेवारी 1977 मध्ये निवडणुका जाहीर झाल्या आणि पकड सैल झाली. काही आठवड्यांनी संपादकांनी एक मजकूर माझ्या हातात दिला: दिल्लीत तुर्कमान गेटजवळ घरं पाडली, लोक आडवे आले, पोलिसांनी गोळीबार केला. जुळवता जुळवता मी विचारलं, "हे कधी झालं?"

"गेल्या एप्रिलात."

एप्रिलचे सगळे अंक मीच जुळवले होते. रात्री फाइल काढून पाहिली. पहिल्या पानावर रेल्वेगाड्या वेळेवर धावत असल्याची बातमी होती.