आर्किटेक्चरमधलं काही कळत नाही, तरी घरांचं म्युझियम बघावं का?

प्रश्न: ताई नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही चौघं गोव्याला चाललोय, मी, मिस्टर, सासूबाई आणि नववीतला मुलगा. बीच, मंगेशी, शांतादुर्गा, ओल्ड गोवा असं सगळं ठरलंय. ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणाली की पर्वरीच्या बाजूला 'हाउसेस ऑफ गोवा' नावाचं जुन्या घरांचं म्युझियम आहे, ते अजिबात चुकवू नका. पण ती स्वतः इंटिरिअरचं काम करते, तिला आवडणारच. आम्ही एक बँकेतला माणूस, एक शाळेतली बाई, आम्हाला खांब नि कमानी नि प्लॅन काय कळणार? चार दिवसांतला अर्धा दिवस त्यात घालवावा का? मिस्टरांचं म्हणणं, पोर्तुगीज घरं काय, गाडीतून जाता जाता दिसतातच. (नाशिक)

उत्तर: जा, आणि पहिल्याच दिवशी जा. शेवटच्या दिवशी वेळ उरला तर बघू असं करू नका, मी तेच केलं होतं. पाच-सहा वेळा गोवा करून झाल्यावर एकदा रात्रीच्या बसला वेळ होता म्हणून दुपारी तिथे गेले, आणि बाहेर आल्यावर जीव हळहळला, कारण इतकी वर्षं ज्या घरांसमोरून रिक्षा नि स्कूटरवरून गेले ती मी बघितलीच नव्हती. दिसली होती, पण बघितली नव्हती. तुमच्या मिस्टरांना एवढंच सांगा.

आधी जागा सांगते. पणजीहून मांडवीचा पूल ओलांडून पर्वरीला यायचं नि तिथून आत तोर्डा गावाकडे, साल्वादोर दो मुंदोच्या बाजूला. दोन रस्ते फुटतात तिथल्या त्रिकोणी तुकड्यावर जांभ्या दगडाची एक इमारत उभी आहे, एकीकडे निमुळती, दुसरीकडे रुंद, लांबून जहाज नांगरून ठेवल्यासारखं वाटतं. ती जेरार्ड द कुन्हा या आर्किटेक्टनी बांधली. हे केरळमधे स्थानिक साहित्यातून स्वस्त घरं बांधणाऱ्या लॉरी बेकर या आर्किटेक्टकडे काम केलेले, बंगळुरूजवळचं नृत्यग्राम हे नृत्याचं गुरुकुल त्यांचंच. समोरची लहान मुलांची शाळासुद्धा त्यांनीच डिझाइन केलीय, तीही बाहेरून बघून घ्या, मुलाला गंमत वाटेल.

आत काय आहे? खरे दरवाजे, खिडक्या, खांब, कठड्यांचे नमुने, टाइल्स, जुने फोटो, घरांचे नकाशे, आणि ही घरं अशी का झाली याची गोष्ट. नकाशे कळले नाहीत तर सरळ पुढे जा, काही बिघडत नाही. पण खिडक्यांपाशी थांबा. तिथे शिंपल्याची तावदानं आहेत, आणि माझ्या मते नुसत्या त्यांच्यासाठी जरी गेलात तरी फेरी फुकट जाणार नाही.

काच महाग नि मिळायला अवघड होती त्या काळात गोव्यात खिडक्यांना शिंपले लावायचे. आपण किनाऱ्यावर वेचतो ते नव्हेत, हा एक चपटा, पातळ, जवळपास आरपार दिसणारा शिंपला असतो. त्याच्या कडा कापून छोटे चौकोनी तुकडे करायचे नि लाकडाच्या बारीक पट्ट्यांच्या खाचांत एकाखाली एक सरकवत न्यायचे. जवळ जाऊन बघितलंत तर प्रत्येक तुकड्यावर बारीक रेघा दिसतात, कुठे थोडा पिवळट डाग, कुठे गुलाबीसर झाक, दोन तुकडे सारखे म्हणून नसतात. मी पणजीत फोंतेन्हासमधल्या एका जुन्या घरात राहिले होते, तिथली खिडकी अशीच होती, सकाळी आठच्या सुमाराला बाहेर चांगलं ऊन पडलेलं आणि खोलीत मात्र ताकासारखा पांढरा, थंड उजेड, तीव्र काहीच नाही. खिडकीमागे हात धरला तर हाताची सावली दिसायची पण बोटं मोजता यायची नाहीत. उजेड आत, ऊन बाहेर, आणि रस्त्यावरच्याला आतलं काही दिसत नाही. पडदा लावायची गरजच नाही! हे शिंपले गोव्यात चिखलीच्या खाडीत अजून आहेत आणि आता त्यांना कायद्याने संरक्षण आहे, त्यामुळे जुनी खिडकी मोडली की तशी नवीन करणं अवघडच. म्हणून जिथे शाबूत आहेत तिथे डोळे भरून बघून घ्या.

आता ते 'पोर्तुगीज घर'. हा शब्द सगळेच वापरतात, मीही वापरायचे, पण म्युझियम बघितल्यावर तोंडात येत नाही. ते घर गोव्याचं आहे, गोव्याच्या गवंड्या-सुतारांनी बांधलेलं आणि इथल्याच माणसांनी राहिलेलं. पोर्तुगीजांनी 1510 मधे तिसवाडी, म्हणजे पणजी-ओल्ड गोव्याचा भाग, घेतली, मग बारदेश नि साष्टी, आणि फोंडा, डिचोली, पेडणे वगैरे भाग थेट अठराव्या शतकात गेला. म्हणून तिथे जुनी पद्धत टिकली, फोंड्याकडच्या जुन्या हिंदू घरांचं तोंड आतल्या बाजूला, मधे राजांगण म्हणजे उघडा चौक, तिथे तुळस, भोवती खोल्या, रस्त्याकडे खिडक्या मोजक्याच. आणि साष्टी-बारदेशमधल्या ख्रिश्चन घरांचं तोंड हळूहळू बाहेर वळलं, मोठ्या खिडक्या, दर्शनी बाजू नटवलेली, आणि पुढे बल्कांव. बल्कांव म्हणजे पायऱ्या चढून गेल्यावर दारापुढची छपराखालची जागा, दोन्ही बाजूंना बसायला पक्के बाक. संध्याकाळी घरातली माणसं तिथे बसणार, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणार. आमची मावशी रत्नागिरीची, ती बघून पटकन म्हणाली, ही आपली ओटीच की गं. तशी ती ओटी नाही, पण तिला जे वाटलं ते खोटंही नाही, कारण जांभा तोच, पाऊस तोच आणि शेजाऱ्यांशी बोलायची हौसही तीच.

जांभ्याचंही एक बघा. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, पण सच्छिद्र राहतो, पाणी पितो. म्हणून भिंतीला चुन्याचा गिलावा नि दरवर्षी पावसाळा संपला की रंग. तुम्ही दिवाळीनंतर जाताय म्हणजे नुकतीच रंगवलेली घरं दिसतील, निळी, पिवळी, गेरूची, त्यांना पांढऱ्या कडा. त्या रंगामागे हौस आहेच पण आधी पाऊस आहे.

सासूबाईंचं एक लक्षात ठेवा, आत वरखाली मजले आहेत, जिना चढावा लागतो. गुडघे दुखत असतील तर त्यांनी सावकाश खालचं बघावं आणि मग शेजारच्या मारिओ गॅलरीत बसावं. मारिओ मिरांडांची व्यंगचित्रं तिथे आहेत, गोव्यातले बाजार, लग्नं, बस, तियात्र म्हणजे कोंकणी नाटकं, कुत्री, आणि मागे तीच घरं, तेच बल्कांव. नववीतला मुलगाही तिथे जास्त रमेल, आधी गॅलरी नि मग म्युझियम असं केलंत तरी चालेल. दोन्ही मिळून दोन तास पुरतात, अर्धा दिवस लागत नाही. निघायच्या आधी एक फोन करून वेळ विचारा, आणि सोमवार टाळलेला बरा, बऱ्याच म्युझियमना त्या दिवशी सुट्टी असते.

प्रश्न: तुम्ही मागे एकदा याच म्युझियमचं कौतुक केलं होतंत म्हणून आम्ही गेलो. खरं सांगतो, वीस मिनिटांत संपलं. मोडून आणलेल्या खिडक्या नि भिंतीवरचे तक्ते, सगळं वाचत बसावं लागतं. आमच्यासारख्या साध्या पर्यटकासाठी हे नाही असं माझं स्पष्ट मत झालं. (कोल्हापूर)

उत्तर: तुमचं म्हणणं मनावर घेतलं, कारण असा अनुभव बऱ्याच जणांना येतो आणि त्यात तुमची चूक नाही. इमारत लहान आहे, वाचायचं खूप आहे हेही खरं. आणि घराचं म्युझियम करण्यात मुळातच एक अडचण आहे बघा, चित्र भिंतीवर टांगता येतं, नाणं पेटीत ठेवता येतं, पण घर आत आणता येत नाही, त्याची खिडकी येते, दार येतं, खांब येतो आणि घर बाहेरच राहतं. तुम्ही बघितलं ते अर्धंच होतं दादा. उरलेलं अर्धं गावात आहे, आणि मागच्या वेळी ते मी नीट लिहायला हवं होतं.

पुढच्या वेळी म्युझियमनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दक्षिण गोव्यातल्या चांदरला जा. तिथे मिनेझिस ब्रागांझांचं प्रचंड मोठं घर आहे, एकाच दर्शनी भिंतीमागे दोन कुटुंबांचे दोन भाग, पुढे खिडक्यांची लांबच लांब ओळ, आत नाचाचा दिवाणखाना, झुंबरं, जुनं फर्निचर. घरातलीच माणसं दाखवतात, जाताना देखभालीसाठी पैसे ठेवायचे असतात, ते मनापासून ठेवा, एवढं छप्पर दर पावसाळ्याला सांभाळणं सोपं नाही. तिथून जवळ लोटली, मारिओंचं गाव, तिथेही जुनी घरं आहेत. आणि हे लांब वाटत असेल तर पणजीतच फोंतेन्हासमधे सकाळी लवकर पायी फिरा. मात्र तिथे लोक राहतात, दुसऱ्याच्या पायरीवर बसून फोटो काढताना आधी विचारावं.

तेव्हा एक करून बघा. म्युझियममधे सगळं वाचू नका. फक्त तीन गोष्टी धरा, खिडकी, बल्कांव आणि छपराचं कौल. कौलांचं म्हणाल तर आधी नळीची देशी कौलं असायची. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 मधे कारखाना काढला आणि ती चपटी, एकमेकांत अडकणारी लाल कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली, आपल्या कोकणातसुद्धा, आपण त्यांना अजून मंगलोरी कौलंच म्हणतो. या तीन गोष्टी बघून बाहेर पडा आणि रस्त्यावरच्या पहिल्या जुन्या घरात त्या शोधा. एवढं करूनही कंटाळा आला तर मला परत लिहा, मी छापीन.

प्रश्न: भाचीच्या लग्नाला चंडीगढला जातेय, एक दिवस मोकळा आहे. तिथेही आर्किटेक्चर म्युझियम आहे असं वाचलं. तेही असंच आहे का? (ठाणे)

उत्तर: नाही, ते वेगळं आहे, आणि तिथे मी वेगळा सल्ला देईन. सेक्टर 10 मधलं चंडीगढ आर्किटेक्चर म्युझियम 1997 मधे सुरू झालं, शहर कसं घडलं याचे कागद, नकाशे, मॉडेल्स तिथे आहेत. विषय मोठा आहे, म्हणजे आधी अमेरिकेचे अल्बर्ट मेयर यांनी आराखडा केला, त्यांचे सहकारी नोविकी 1950 मधे विमान अपघातात गेले, मग फ्रान्सहून ल कोर्बुझिए हे नामांकित आर्किटेक्ट आले, सोबत त्यांचे चुलतभाऊ पिएर जनरे, आणि मॅक्सवेल फ्राय नि जेन ड्रू हे जोडपं. पण हे सगळं कागदावर आहे, आणि शहर न बघता कागद बघितले तर डोक्यावरून जाणार.

म्हणून क्रम उलटा करा. सकाळी कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, हायकोर्ट, विधानसभा, सचिवालय आणि कोर्बुझिएंचं ते उघड्या हाताचं मोठं शिल्प. 2016 पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे, गाइडबरोबरच सोडतात नि ओळखपत्र लागतं, तेवढं आठवणीने पर्समधे ठेवा. त्याच्याच शेजारी रॉक गार्डन. दुपारी दमल्यावर पाय ओढत म्युझियममधे जायचं असेल तर जाऊ नका. त्याऐवजी सेक्टर 5 मधलं जनरेंचं घर बघा, 57 नंबरचं. कोर्बुझिए येऊन-जाऊन असायचे, जनरे मात्र 1965 पर्यंत तिथेच राहिले, तुमच्या-आमच्यासारख्या नोकरदारांची सरकारी घरं, शाळा, खुर्च्या त्यांनी मन लावून केल्या, आणि त्यांच्या अस्थी त्यांच्या इच्छेनुसार सुखना तलावात सोडल्या. त्यांचं घर साधं आहे, विटांचं, दगडगोट्यांचं. तिथे जाळीदार भिंतीतून उजेड कसा येतो ते बघा, आणि मग संध्याकाळी सुखनावर जा, लग्नाच्या गडबडीत तेवढा एक तास शांत मिळेल.