सारंगखेड्याहून आणलेल्या घोड्याचा ठोका चुकतो, परत करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सारंगखेड्याच्या यात्रेत पाच वर्षांचा मारवाडी घोडा घेतला. सौदा झाला त्याच दिवशी तिथेच एका डॉक्टरांना दाखवला, तर ते म्हणाले, “ठोका मधूनच चुकतो, ईसीजी काढून घ्या.” विकणारा म्हणतो घोडा ठणठणीत आहे. लग्नसराई तोंडावर आली आहे. घोडा ठेवायचा की परत करायचा?

मी तीसेक वर्षं शहादा-दोंडाईचा पट्ट्यात जनावरांची डॉक्टरकी केली. त्या अनुभवावरून सांगतो, अजून परत करू नका आणि त्याच्यावर नवरदेवही बसवू नका. आधी ठोका कसा चुकतो ते बघायचं आहे.

धडधाकट घोड्याचे ठोके विश्रांतीत मिनिटाला साधारण 28 ते 44 असतात, आणि भरधाव पळताना तेच हृदय 220 च्या वर जातं. म्हणजे घोडा दावणीला उभा असतो तेव्हा हे इंजिन अगदी मंद ठेवलेलं असतं, लगाम ओढून धरल्यासारखं. तो लगाम म्हणजे मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस. ती कधी कधी इतकी जोरात ओढली जाते की हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही, आणि एक ठोका गळतो. डॉक्टरी भाषेत याला सेकंड डिग्री एव्ही ब्लॉक म्हणतात. नाव ऐकून मालकाची छाती धडधडते, घोड्याला मात्र त्याचं काही नसतं. उलट कसलेल्या, चांगल्या दमाच्या घोड्यांत हा प्रकार पुष्कळ दिसतो. घोडा हलला, बिचकला किंवा दुडकीवर गेला की ओढ सुटते आणि ठोके सरळ होतात.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, तरी नोकरीच्या तिसऱ्या वर्षी चुकलोच. एक कुमेत घोडी दर चौथा ठोका गाळायची. मी मोठ्या गंभीर चेहऱ्याने “हृदय कमजोर आहे” असं सांगून टाकलं. मालकाने ती पडत्या भावात विकली. पुढच्या वर्षी यात्रेच्या रिंगणात तीच घोडी तासभर नाचताना पाहिली, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. तेव्हापासून घोडा पळवल्याशिवाय मी हृदयाबद्दल अवाक्षर बोलत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक शंका आहे, आणि ती मला सगळ्यात मोठी वाटते. तपासणी यात्रेतच, सौद्याच्या दिवशी झाली आहे. भडक डोक्याचा घोडा गिऱ्हाइकासमोर शांत उभा राहावा म्हणून काही जण त्याला गुंगीचं इंजेक्शन देतात. झायलाझीन किंवा त्याच्या जातीचं औषध दिलं की ठोके मंदावतात आणि मधले ठोके गळायला लागतात, अगदी वर सांगितलेल्या ब्लॉकसारखेच. त्या वेळी घोड्याची मान खाली होती का, खालचा ओठ लोंबत होता का, नराचं लिंग बाहेर आलं होतं का, ते आठवून बघा. तसं असेल तर तपासलं गेलं ते औषध, घोडा नव्हे. आपल्याकडे भोवरे बघायला चार जाणकार बोलावतात, देवमण हा शुभ मानलेला भोवरा आहे म्हणून किंमत चढवतात, पण छातीला कान लावायचं कुणाला सुचत नाही. तुम्ही निदान तेवढं केलंत हे बरं झालं.

आता घरी काय करायचं ते सांगतो. सकाळी चारा घालायच्या आधी, घोडा त्याच्या जागी निवांत असताना, डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून पुढच्या बाजूला आत सारा. स्टेथोस्कोप नसेल तर जबड्याच्या खालच्या कडेवरून जाणारी नाडी बोटांनी धरा. पूर्ण दोन मिनिटं मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याचा शॉर्टकट इथे फसवतो. साध्या ब्लॉकमध्ये डफवाल्याने ठेका न सोडता एखादी थाप गाळावी तसं वाटतं. थाप गळते पण ताल राहतो, आणि कान तयार असेल तर त्या रिकाम्या जागेत वरच्या कप्प्याचा एक बारीक ‘डुप्’ ऐकू येतो. मग लांब दोरीवर पाच-सात मिनिटं दुडकीने फिरवा आणि लगेच ऐका. ठोके वाढून सरळ झाले तर अर्धी काळजी मिटली. दम उतरताना पुन्हा एखादा गळाला तरी घाबरू नका.

घाबरायचं ते वेगळ्या आवाजाला. एकाच उखळात दोन मुसळं ताल सोडून पडावीत तसा: दोन ठोके घाईने, मग लांब थांबा, मग एक, मग तीन, कुठलाही हिशोब नाही. नाडी कधी भरलेली, कधी बोटाला जेमतेम लागणारी. हे एट्रियल फिब्रिलेशन. वरचे कप्पे एकदम आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात. घोड्याचं हृदय मोठं, वरचे कप्पे ऐसपैस, त्यात व्हेगसची ओढ. म्हणून एरवी निरोगी असलेल्या घोड्यातही हे सुरू होतं आणि टिकून राहतं. माणसात या आजाराने नाडी धावते. घोड्याची विश्रांतीतली नाडी मात्र बहुतेक वेळा 40 च्या आसपासच राहते, म्हणून नुसती मोजून सुटतं आणि मालक वर्षभर टॉनिक पाजत बसतो. तक्रार एकच असते, जी मला धुळ्याकडच्या एका नानांनी केली होती: “डॉक्टर, नाचाले लागनी की लगेच थकी जास.” संथ चालीत वरच्या कप्प्यांची मदत नसली तरी भागतं, जोर लागला की भागत नाही. काही घोड्यांच्या नाकातून मेहनतीनंतर रक्तही येतं.

पक्कं निदान ईसीजीनेच होतं. घोड्याला माणसासारख्या बारा तारा लावत नाहीत. मानेपासून हृदयाच्या टोकापर्यंत एक तिरकी रेघ धरून तीन चिमटे लावले की पुरतं. त्याला बेस-अपेक्स लीड म्हणतात. ठोके लांब अंतरावर असतात, म्हणून पट्टी निदान दोन-तीन मिनिटांची हवी. साध्या ब्लॉकमध्ये वरच्या कप्प्याची ‘पी’ लाट दिसते, तिच्यामागे खालच्या कप्प्यांची मोठी लाट येत नाही. फिब्रिलेशनमध्ये ‘पी’ लाट नाहीशी होऊन सगळी रेघ बारीक थरथरते. मोबाइलला जोडायचं छोटं ईसीजी यंत्र मिळतं, ते डाव्या छातीवर केस स्पिरिटने भिजवून उभं धरलं तर कामापुरती पट्टी निघते. फक्त त्यातल्या अॅपने दिलेल्या निकालावर जाऊ नका, ते माणसासाठी बनवलंय. पट्टी डॉक्टरला दाखवा.

समजा फिब्रिलेशनच निघालं. मग पहिला उपचार म्हणजे दोन दिवस थांबणं. जोराच्या मेहनतीनंतर सुरू झालेलं फिब्रिलेशन बऱ्याचदा 24 ते 48 तासांत आपोआप सुटतं. त्या नानांची घोडी मे महिन्यात वरातीत चार तास नाचली होती. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. घोड्याच्या घामातून मीठ जातंच, पोटॅशियमही भरपूर जातं, आणि ते कमी झालं की हृदयाची विजेची घडी विस्कटायला वेळ लागत नाही. तिला सावलीत बांधली, पाण्यासोबत मीठ ठेवलं, घास आणि गवत मोकळं सोडलं, रक्त तपासायला पाठवलं. तिसऱ्या सकाळी ठोके सरळ. अशा घोड्याला लघवी वाढवणारं इंजेक्शन देऊ नका, त्याने पोटॅशियम आणखी उतरतं.

दोन दिवसांत सुटलं नाही तर खरा उपचार सुरू होतो, आणि तो गोठ्यात करायचा नाही. आधी हृदयाची सोनोग्राफी. झडप गळत असेल, डावा वरचा कप्पा फुगला असेल, तर ताल सरळ करूनही टिकायची आशा कमी. हृदय बाकी नीट असेल तर क्विनिडीन सल्फेट. हिवतापावरच्या कुनैनचा हा सख्खा भाऊ, त्याच सिंकोनाच्या सालीतला. किलोला 22 मिलिग्रॅम, म्हणजे 400 किलोच्या घोड्याला एका वेळी नऊ ग्रॅमच्या जवळपास, नाकातून पोटात घातलेल्या नळीने, दर दोन तासांनी आणि तेही मोजक्याच वेळा. प्रत्येक मात्रेआधी ईसीजी काढायचा, कारण हेच औषध जुलाब, पोटदुखी, नाकाच्या आतली सूज, खुरांचा दाह करतं आणि कधी ठोके एकदम शंभराच्या पुढे पळवतं. ईसीजीतली मोठी लाट आधीपेक्षा पावपट रुंद झाली की तिथेच थांबायचं. आकडे दिलेत ते तुम्ही द्यावं म्हणून नाही, कुणी “गोळ्या आणून पाजतो” म्हणालं तर त्याला हाकलता यावं म्हणून. दुसरी वाट विजेच्या झटक्याची: भूल देऊन मानेच्या शिरेतून हृदयात तारा उतरवून झटका देतात. परदेशातल्या मोठ्या घोडा-रुग्णालयांत हे होतं. तुम्ही आधी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. 1886 पासूनचं कॉलेज आहे. किंवा मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे बघणाऱ्या डॉक्टरांना पट्टी पाठवा. महिना-दोन महिन्यांतच पकडलेला आणि सरळ हृदयाचा घोडा सुधारण्याची आशा चांगली असते. पण काही घोड्यांत तो पुन्हा उलटतो, हे पैसे खर्चायच्या आधी ऐकून ठेवा.

तिसरा प्रकार खालच्या कप्प्यातून वेळेआधी उमटणाऱ्या ठोक्यांचा. एखाद-दुसरा दिसला तर रक्तातले क्षार आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) तपासून महिना-दोन महिने आराम. ओळीने धडाधड यायला लागले तर तातडीने सलाइनमधून मॅग्नेशियम किंवा लिग्नोकेन द्यावं लागतं. असे ठोके दिसले की मी आधी घोड्याने काय खाल्लं ते विचारतो, आणि आपल्या भागात दोन गोष्टी विचारतोच. पहिली कण्हेर. बंगल्याच्या कुंपणाला आणि हायवेच्या दुभाजकात ती सगळीकडे आहे. छाटलेल्या फांद्या वाळल्या तरी विष जात नाही, आणि थोड्या पानांनीही घोडा जातो. दुसरी पोल्ट्रीचं खाद्य. नवापूर 2006 च्या बर्ड फ्लूमुळे देशभर ऐकू आलं, तोच हा कोंबड्यांचा पट्टा. स्वस्तात मिळतं म्हणून ते खाद्य घोड्याच्या चंदीत मिसळणारे मी पाहिलेत. त्यात बऱ्याचदा मोनेन्सिनसारखं औषध असतं. कोंबडीला ते पचतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू जाळतं. वाचलेला घोडाही पुढे कधी मेहनतीत कोसळू शकतो. तुमच्या विकणाऱ्याला चंदी काय घालत होता ते नक्की विचारा.

तर आता क्रम असा. यात्रेनंतर चार-पाच दिवस झाले असतील, म्हणजे गुंगीचं काही असलंच तर उतरलं असेल. उद्या सकाळी ऐका, पळवून ऐका. ताल राखून गळणारा आणि पळाल्यावर जाणारा ठोका असेल तर एक ईसीजी काढून ठेवा आणि घोडा खुशाल ठेवा. बेताल असेल तर व्यवहार मोडायचं बोलणं लगेच करा, पट्टी हातात घेऊन; सोबत सौद्याची चिठ्ठी फाडणारा दलालही असू द्या. निकाल लागेपर्यंत नवरदेव नको, पोरं नकोत, डीजेसमोर उभं करणंही नको. चालता घोडा अचानक बसला तर वरचा माणूस खाली येतो.

पट्टी निघाली की इथे फोटो टाका. कागद सपाट ठेवून, उजेडात, चौकोन मोजता येतील असा काढा, आणि त्या वेळी घोडा उभा होता की नुकताच फिरवला होता तेही लिहा.